बाळाच्या तोंडाचं छत

दूध नाकातून बाहेर आलं तेव्हा खोलीत सहा मोठी माणसं होती आणि सहाही जणांनी बाळाच्या डोक्याकडे पाहिलं.

खोली ठाण्यातली, कोपरीतली, आमच्या आईच्या घरातली. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्याशिवाय तिथे होतो ते मी, आमची आई, बहिणीचा नवरा, नातू बघायला डोंबिवलीहून आलेल्या तिच्या सासूबाई आणि बाळाला रोज आंघोळ घालणारी मालिशवाली मावशी. बाळ दूध प्यायचा प्रयत्न करत होतं. जरा ओढलं की त्याला ठसका लागायचा आणि दोन्ही नाकपुड्यांतून पांढरी धार ओठांवर यायची.

“टाळू पडलीय,” मावशी म्हणाली.

“पडलीच आहे. मी कालपासून सांगतेय,” सासूबाई म्हणाल्या. त्या आल्या होत्या त्याच सकाळी.

टाळू म्हणजे तान्ह्या मुलाच्या डोक्यावरची ती मऊ जागा, जिथे कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात. आपल्याकडे तिच्यावर रोज तेल थापतात. ती भरत गेली की तेलाने भरली असं मानतात. तेल न थापलेल्या मुलांचीही ती भरते, पण अशी मुलं आपल्या ओळखीत नसल्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. बाळ दूध पिईना आणि ही जागा खोल दिसू लागली की निदान ठरलेलं असतं: टाळू पडली. उपायही ठरलेला. तेलात बुडवलेला अंगठा बाळाच्या तोंडात घालायचा आणि वरचा टाळा, म्हणजे तोंडाचं छत, जोरात वर दाबायचं. आतून दाबलं की वरून फुगतं, असा हिशोब. पोचा गेलेला प्लास्टिकचा बॉल सरळ करतात तसा. मधे नाकाची पोकळी आहे, कवटीचा तळ आहे, त्यावर मेंदू आहे, हे या हिशोबात येत नाही.

टाळू खोल गेली होती हे खरं होतं. दूध पोटात जात नव्हतं, अंगातलं पाणी कमी झालं होतं, म्हणून ती खोल गेली होती. घरातल्यांच्या मते ती खोल गेली होती म्हणून दूध जात नव्हतं. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल मी वर्तमानपत्रातल्या नोकरीत रोज बातम्यांमध्ये दुरुस्त करतो. घरी ती दुरुस्त करणाऱ्याला आगाऊ म्हणतात.

मावशीने अंगठा घातला. बाळाला उमासा आला, ते निळसर झालं, मग किंचाळलं.

“चढली बघा. आवाज कसा मोकळा झाला!” मावशी म्हणाली.

सासूबाईंनी वरून तळवा टेकवून तपासलं. “चढली हो.”

संध्याकाळी दूध पुन्हा नाकातून आलं.

पुढचे काही आठवडे हेच चाललं. फक्त आरोपी बदलत गेले. आधी दूध पातळ होतं. मग दूध जड होतं. मग बहीण पाजताना मोबाइल बघते, म्हणून बाळाला राग येतो. सासूबाई डोंबिवलीहून फोन करून बहिणीने काय खाल्लं याची चौकशी करायच्या. मेथी खाल्ली म्हटलं की मेथी नको होती, नाही खाल्ली म्हटलं की म्हणूनच तर. आमच्या आईला यातलं काही पटत नव्हतं, पण ती विहीणबाईंना विरोध करत नव्हती, कारण मुलगी त्या घरात नांदायची होती. नवरा वागळे इस्टेटमधल्या त्याच्या ऑफिसातून सुटला की येऊन जायचा. बाळाकडे बघायचा, बहिणीकडे बघायचा आणि म्हणायचा, “बघू.” या माणसाचं अर्धं आयुष्य ‘बघू’ या शब्दावर उभं आहे, आणि गंमत अशी की त्याने बघितलं मात्र काहीच नाही.

ज्या नर्सिंग होममध्ये बाळ जन्मलं तिथेही दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी बाळाचं पोट दाबलं, छातीला नळी लावली आणि सांगितलं की काही मुलं दूध ओकतात, खांद्यावर घेऊन पाठ थोपटा. बाळाच्या तोंडाची तपासणी बाहेरूनच झाली. ओठ सुंदर होते. सगळे म्हणायचे, ओठ आजोबांवर गेलेत.

वजन घटलं. मांड्यांवरची कातडी सैल पडली. बाळ रडायचं तेही मधेच सोडून द्यायचं, दमल्यासारखं. आता प्रश्न एवढाच होता की हे मूल जगण्यापुरतं दूध पिणार की नाही. घरात बोलणं मात्र मेथीवर होतं.

एक दिवस दुपारी मी ऑफिसात असताना बहिणीचा फोन आला.

“दादा, तुझी पडजीभ एकच आहे का?”

“म्हणजे?”

“मागे लोंबते ती. आरशात बघ ना. एकच आहे की दोन?”

मी आत जाऊन बेसिनच्या आरशापुढे तोंड उघडलं. हात धुणाऱ्या सहकाऱ्याने दात दुखतोय का असं विचारलं. पडजीभ एकच होती.

“माझीपण एकच आहे,” ती म्हणाली. “आईचीपण बघितली. याच्या दोन आहेत. तो रडत होता, मी मोबाइलचा टॉर्च मारला. दोन्ही बाजूंना एकेक लोंबतेय आणि मधे काही नाहीच. नुसता अंधार.”

एवढ्या माणसांपैकी बाळाच्या तोंडात डोकावणारी ती पहिली. ती ना वैद्यकशास्त्र शिकली होती, ना तिने बाळंतपणं केली होती. तिला फक्त शंका आली की दूध नाकातून येतं तर तोंडातून नाकात जायला वाट असली पाहिजे. एवढा साधा विचार त्या घरात इतर कोणाला करावासा वाटला नाही.

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून हळूहळू मागे नेलं तर कोणालाही हा भूगोल कळतो. आधी आडव्या वळ्या लागतात. मग गुळगुळीत, कडक छत. त्याच्या आत हाड आहे. आणखी मागे गेलं की हाड संपतं आणि जीभ मऊ भागाला लागते. जीभ तिथपर्यंत गेली की बहुतेकांना मळमळतं. हा मऊ भाग म्हणजे नुसता स्नायूंचा पडदा. त्याच्या टोकाला पडजीभ. आपण गिळतो तेव्हा हा पडदा वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाची वाट बंद करतो. आपण बोलतो तेव्हाही तेच. दिवसभर तो हे काम करतो आणि त्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं.

पोटात असताना हे छत एकसंध नसतं. डावी आणि उजवी अशी दोन पाखं असतात, आधी जिभेच्या दोन्ही अंगांना खाली उतरलेली. मग जीभ खाली सरकते, पाखं आडवी होतात आणि मधोमध जुळतात. ती पुढून मागे जुळत जातात, म्हणून मऊ पडदा आणि पडजीभ सगळ्यांत शेवटी. हे काम तिसऱ्या महिन्याच्या आसपास उरकतं. आमच्या भाच्याच्या बाबतीत पुढचं छत नीट जुळलं, मागचा मऊ भाग उघडा राहिला. मावशीचा अंगठा पोचत होता तो पुढच्या हाडापर्यंत. म्हणजे जो भाग धड होता तेवढाच रोज दाबला जात होता.

हे सगळं सांगितलं ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जन बाईंनी. त्या फार बोलणाऱ्या नव्हत्या. टॉर्च, लाकडी पट्टी, एक नजर. “मऊ टाळा दुभंगलेला आहे. ओठ चांगले असले की हे निसटतं,” त्या म्हणाल्या. “बाळाला ओढता येत नाही, कारण तोंडात दाब तयारच होत नाही. फुटका स्ट्रॉ असतो ना, तसं.” त्यांनी उपाय सांगितला: बाळाला उभं धरायचं, दूध काढून थोडं थोडं गालाच्या बाजूने सोडायचं. वजन वाढू द्यायचं. आणि वर्षाच्या आत ऑपरेशन.

“नंतर केलं तर?” नवऱ्याने विचारलं.

“तोवर तो बोलायला लागेल. चुकीच्या हवेने बोलायची सवय लागली की ती मोडायला फार कष्ट पडतात.”

“बघू,” नवरा म्हणाला.

नर्सिंग होमला फोन करून कळवलं तेव्हा तिकडून उत्तर आलं, “पण ओठ तर व्यवस्थित होते.” जणू आम्हीच मागाहून फसवणूक केली होती.

आईने माळ्यावरून जुनं बोंडलं काढलं, चोच असलेली ती चांदीची वाटी, ज्याने आम्हा दोघांनाही पाजलं होतं. बाळ त्यातून प्यायला शिकलं. बहीण एका हाताने बोंडलं धरायची, दुसऱ्या हातात नाक पुसायला मऊ फडका. पाजणं संपायला इतका वेळ लागायचा की संपता संपता पुढची वेळ व्हायची. वजन काटकसरीने वाढू लागलं. खचलेली टाळू वर आली. मावशीने ते श्रेय न मागता घेतलं.

आजाराला नाव मिळालं आणि डोंबिवलीत तपास सुरू झाला. तपास बाळाचा नव्हता, बाळाच्या आईचा.

सासूबाई कोपरीला आल्या त्या कात्रण घेऊनच. बहिणीच्या गरोदरपणात एक ग्रहण झालं होतं. “त्या दिवशी तू काय चिरलंस?” त्यांनी विचारलं.

“आठवत नाही, आई.”

“आठवत नाही म्हणजे चिरलंस. कात्री धरलीस? सुई? बघ, पेपरातच दिलंय. गर्भवतींनी काय करू नये. दादांच्याच पेपरात!”

चौकट आमच्याच वर्तमानपत्रातली होती. पहिल्या पानावर खगोलशास्त्र आणि आतल्या पानावर हे, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे. दोन्हीकडे छपाई उत्तम असते.

मी सांगितलं की ते ग्रहण भारतातून दिसलंच नाही. शिवाय तेव्हा हिला सातवा महिना होता आणि बाळाचा टाळा तिसऱ्यातच जुळून जातो, किंवा राहून जातो.

“दिसलं नाही म्हणून लागत नाही असं थोडंच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तिसऱ्यात काय होतं ते कोणी आत जाऊन बघितलंय?”

बहीण एवढं ऐकून घेत होती. मग तिने फडका खांद्यावर टाकला. “मी चिरली असेल भाजी. डब्यात दिली असेल तुमच्याच मुलाला. त्याने खाल्ली. त्याला काही झालं नाही.”

नवरा खिडकीतून खाली बघत होता. खाली बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक बंद पडलेली रिक्षा होती.

पुढे बहीण डोंबिवलीला गेली आणि ऑपरेशन लांबत गेलं. तिकडे सासूबाईंचा सिद्धांत पक्का होता. वरची टाळू जशी तेलाने भरते तसाच खालचा टाळाही भरणार. शरीर एकच, तेल एकच. कोवळ्या जिवाला कापायचं कशाला? त्या सकाळ-संध्याकाळ डोक्यावर तेलाचा थर द्यायच्या. उशीला वास, टोपीला वास. वरची जागा खरंच लहान होत चालली होती, जशी ती सगळ्या मुलांची होते, आणि हाच त्यांचा पुरावा. “अर्धं भरलंय,” त्या शेजारणींना सांगायच्या. तोंड उघडून बघा, असं बहिणीने एकदा सुचवलं. त्या म्हणाल्या, “लेकराच्या तोंडात काय सारखं डोकवायचं? नजर लागते.” नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, आई म्हणतेय तर थांबू थोडं, बघू. सर्जन बाईंनी दिलेली तारीख पुढे गेली. दुसरी दिली, तीही गेली. बाळाचा कान दोनदा फुटला. टाळ्याचे स्नायू कानाची नळीही उघडतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. सासूबाईंनी कानातही तेल घातलं.

मग बाळ बोलायला लागलं.

सुरुवातीला सगळे हसले. “मामामामा,” ते म्हणायचं. व्हिडिओ कॉलवर मला बघून तर म्हणायचंच. पण ते नवऱ्याला बघूनही तेच म्हणायचं. दुधाला, मांजराला, सासूबाईंना: मामा.

“बाबा बोल. बाऽबा,” नवरा कामावरून आला की त्याच्यापुढे बसायचा. बाळ त्याच्या ओठांकडे एकाग्र बघायचं, अगदी बरोबर ओठ मिटायचं, जोर लावायचं आणि म्हणायचं, “मामा.”

“माहेरी शिकवून पाठवलंय,” सासूबाई म्हणाल्या. “दुसरं काय?”

“आठ महिन्यांच्या मुलाला?” बहीण म्हणाली.

“तुमच्याकडे सगळे पेपरवाले. बोलायला बरोबर शिकवतात.”

नवऱ्याने मला फोन केला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने स्वतःहून केलेला. “दादा, राग मानू नका, पण तुम्ही कॉलवर त्याला सारखं मामा-मामा करता का?” आवाज दुखावलेला होता. दूध नाकातून आलं तेव्हा हा आवाज असा नव्हता. कान फुटला तेव्हाही नव्हता. मी म्हटलं, सर्जन बाईंना विचार. त्या महिन्यात तो पहिल्यांदा कुठेतरी आपणहून गेला.

मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. बहिणीच्या मांडीवर बाळ बसलं होतं आणि टेबलावरच्या टॉर्चकडे बघून त्याचं मामामामा चाललं होतं. नवऱ्याने तक्रार मांडली. सर्जन बाईंनी ती शांतपणे ऐकली.

“ब आणि म, दोन्हीला ओठ सारखेच मिटतात,” त्या म्हणाल्या. “फरक एवढाच की म म्हणताना हवा नाकातून जाते आणि ब म्हणताना टाळ्याने नाकाचं दार लावावं लागतं. याला दार लावता येत नाही. तो तुम्हालाच हाक मारतोय. फक्त ती नाकातून येते.”

नवऱ्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. तेव्हा बाईंनी पुढे वाकून दोन बोटांत बाळाचं नाक अलगद चिमटलं. बाळ थबकलं. मग चिडून त्याने तेच पुन्हा म्हटलं, आणि या वेळी खोलीत अगदी स्पष्ट, फुटल्यासारखं ऐकू आलं: “बाबाबा.”

बाईंनी बोटं काढली. “मामामा.” पुन्हा चिमटलं. “बाबा.”

नवऱ्याचे डोळे भरले. “मॅडम,” तो म्हणाला, “ऑपरेशन कधी करायचं?”

त्याच्यासमोर मूल उपाशी राहिलं होतं, त्याच्या बायकोवर भाजी चिरल्याचा खटला चालला होता, दोन तारखा हुकल्या होत्या. यातल्या कशानेही त्याला प्रश्न विचारता आला नव्हता. स्वतःची ‘बाबा’ ही पदवी नाकावाटे वाहून जातेय म्हटल्यावर आला. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. तिला हसू आलं होतं, पण ते आनंदाचं नव्हतं.

“आईला विचारायचं नाही?” तिने नवऱ्याला विचारलं.

“आईला काय विचारायचं त्यात!” तो म्हणाला.

ऑपरेशन झालं. दोन्ही बाजूंचे स्नायू सोडवून मधोमध आणून शिवले, एवढंच मला समजलं. बाळाच्या दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या, बोट तोंडात जाऊ नये म्हणून. वॉर्डात बाईंनी सगळ्यांना बजावलं, “कोणीही तोंडात बोट घालायचं नाही.” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही कशाला घालू?” पहिले दिवस वाईट गेले. रक्ताळलेली लाळ, रडणं, पातळ पेजेचे चमचे. मग एका सकाळी बहिणीने चमच्याने पाणी दिलं, सवयीने फडका नाकाशी नेला, आणि तो कोरडाच परत आला. तिने पुन्हा एक चमचा दिला. पुन्हा कोरडा.

काही महिन्यांनी डोंबिवलीला जावळ झालं. ऑपरेशनमुळे ते लांबलं होतं. पहिले केस मामाच्या मांडीवर काढायचे असतात, म्हणून बाळ माझ्या मांडीवर होतं. न्हाव्याने वस्तरा लावला तशी जावळाची लव माझ्या पंच्यावर पडत गेली आणि बाळ मान मागे टाकून, आ वासून रडू लागलं.

डोकं स्वच्छ झालं. सासूबाई पुढे आल्या, पाहुण्या बायकांना जवळ बोलावलं आणि तळवा डोक्यावर ठेवला.

“बघा. कशी गच्च भरलीय! डॉक्टरांनी केलं ते केलं, पण तेल मी एक दिवस चुकू दिलं नाही.”

“भरली हो,” बायका म्हणाल्या. एकेकीने हात लावून बघितला.

बहीण माझ्या बाजूला उभी होती. तिने मोबाइलचा टॉर्च लावला आणि सासूबाईंपुढे धरला. “आई, आता त्याने आ केलाच आहे. एकदा आत बघा ना.”

“नको गं,” सासूबाई म्हणाल्या. “तोंडात काय बघायचं?” आणि त्यांनी पुन्हा डोक्यावरून हात फिरवला.

टॉर्च तसाच चालू होता. वरून मला सगळं दिसत होतं. छताच्या मधोमध मागे गेलेली पांढरट, बारीक रेघ, टोकाला एक पडजीभ, जरा वाकडी, पण एकच. बाळाने श्वास घेतला, ओठ मिटले, दार लावलं आणि समोरच्या माणसाकडे हात पसरून हाक मारली.

“बाबा!”

नवऱ्याने पाहुण्यांकडे अभिमानाने पाहिलं. पाहुणे डोकं बघत होते.